एकविसावी जागा

रविवारी दुपारी जेवणं उरकली. थोरल्या वहिनींनी टेबल पुसून घेतलं आणि तरीही कुणाला उठू दिलं नाही, तेव्हा मिस्त्रीच्या लक्षात आलं की आपल्याला नुसतं जेवायला बोलावलेलं नाही.

कारखान्यात त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि घरातही तेच नाव पडलं होतं. मालकाचा धाकटा मुलगा असून त्यानं कधी ऑफिसातली खुर्ची धरली नाही. त्याला पाने, पक्कड आणि वेल्डिंगचा चष्मा बरा वाटे. वडिलांनी आइस्क्रीमचा कारखाना काढला, थोरल्या भावानं वाढवला आणि मिस्त्रीनं चालता ठेवला, असं त्याची बायको म्हणायची. मग थोडं थांबून पुढे जोडायची, "आणि बंद ठेवायला हवा तेव्हा मी बंद ठेवला."

तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

टेबलाच्या एका टोकाला थोरला भाऊ बसला होता, सगळ्यांचा दादा. त्याच्या उजव्या हाताला त्याचा मुलगा. कारखान्याची विक्री तोच बघायचा आणि दिवसातले बारा तास त्याच्या कानाला फोन असायचा. आज फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता. समोर मिस्त्रीची मुलगी बसली होती. चार महिन्यांपूर्वी ती बाहेरच्या मोठ्या तपासणी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आली होती आणि आईच्या जागी कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसली होती. तिच्यापुढे निळी फाइल होती. जेवतानाही तिनं ती मांडीवरच ठेवली होती.

पुतण्यानं सुरुवात केली. त्याचं म्हणणं सरळ होतं. चार वर्षं तो त्या इस्पितळांच्या मागे लागला होता. एकवीस इस्पितळं, सगळ्यांचं स्वयंपाकघर एक, आणि त्यांना रोज आइस्क्रीमचे छोटे कप हवे होते. गेले चार आठवडे तीन नंबरचं भरणी यंत्र फक्त त्यांचेच कप भरत होतं. सगळा माल थंड गोदामात तयार होता आणि उद्या सकाळी सातला गाडी लागणार होती. गाडी सुटायला एका सहीची गरज होती, आणि ती सही करायला त्याची चुलतबहीण तयार नव्हती.

"कारण तिलाच विचारा," तो म्हणाला. "मला दोनदा सांगितलं, पण माझ्या डोक्यात शिरत नाही."

मुलीनं फाइल उघडली. आईसारखीच ती घाईत असली की हळू बोलायची.

कारखान्यात दर आठवड्याला वीस जागांचे स्वॅब घेत, म्हणजे कापसाची कांडी फिरवून औषधाच्या बाटलीत घालत; नको तो जंतू असला की बाटली काळी पडे. नळ, पट्टे, दारांच्या मुठी, गटारांच्या जाळ्या, यंत्रांची तोंडं. त्या वीस जागा तिच्या आईनंच ठरवल्या होत्या आणि फॉर्मवर वीस चौकोन छापून घेतले होते. पण आई स्वतः स्वॅब घ्यायची तेव्हा एकविसावाही घ्यायची. तो कुठला, हे आधी कुणाला सांगायची नाही. आज खुर्चीचा पाय, तर पुढच्या आठवड्यात दिव्याची साखळी. लोक जिथे बघितलं जातं तिथेच घासतात, म्हणून जिथे कुणी बघत नाही तिथे एकदा बघायचं, एवढाच तिचा हिशोब होता. कामगारांनी तिला मागे 'भिंग' नाव ठेवलं होतं. ते तिला माहीत होतं आणि आवडायचंही.

ती गेल्यावर तिच्या हाताखालच्या माणसानं वीस स्वॅब इमानेइतबारे घेतले. फॉर्मवर चौकोनच वीस होते. बिचाऱ्याचं चुकलं काहीच नाही. त्या वीस जागा मात्र आरशासारख्या लखलखू लागल्या.

मुलीनं आल्याच्या पहिल्या आठवड्यात फॉर्मच्या तळाशी पेननं एकविसावा चौकोन काढला.

"दोन आठवड्यांपूर्वी त्या एकविसाव्या जागेची बाटली काळी झाली," ती म्हणाली. "लिस्टेरिया. मी पुन्हा घेतला, पुन्हा काळी. बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. काल त्यांचंही पत्र आलं."

वहिनींनी विचारलं, की हे जंतू थंडीत मरत नाहीत का, एवढं गोठवतो आपण. मुलीनं सांगितलं की हा मरत नाही. गोठला की झोपतो आणि वितळलं की उठतो. इस्पितळात कप वितळवून दुधात घोटून देतात, ज्यांना गिळवत नाही त्यांना. गरोदर बायांना देतात. धडधाकट माणसाला याचा पत्ताही लागणार नाही. पण तिथे धडधाकट कोण असतं?

"मालात सापडला का?" पुतण्यानं विचारलं.

"नाही."

"एकाही कपात?"

"साठ कप तपासले. एकाही नाही."

"मग झालं तर."

"अजून नाही सापडला, एवढंच झालं," ती म्हणाली.

दादानं चष्मा काढून डोळे चोळले. तो सत्तरीला आला होता आणि दोन्ही मुलांना त्यानं खांद्यावर बसवून कारखाना दाखवला होता. त्यानं एकच विचारलं, की ही एकविसावी जागा आहे तरी कुठे.

मुलीनं बापाकडे बघितलं नाही. फाइलकडे बघत ती म्हणाली, "तीन नंबरच्या यंत्राजवळ. आईची पायरी."

आता कुठे मिस्त्रीला कळलं की हे टेबल कशासाठी पुसून घेतलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, दादानंही त्याला कळावं म्हणूनच विचारलं होतं. त्यालाच तेवढं सांगितलं नव्हतं.

पायरीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. छत्तीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा कारखान्यात आली तेव्हा नुकतं शिक्षण संपवलेली, जेमतेम पावणेपाच फुटांची पोर होती. बॉयलरशेजारच्या अडगळीच्या खोलीतल्या एका फडताळात तिची प्रयोगशाळा होती. एक इनक्यूबेटर, एक शेगडी आणि काचेच्या थाळ्या. पहिल्याच आठवड्यात तिनं मालकासमोर नऊशे लिटर माल ओतून द्यायला लावला. मालक म्हणजे मिस्त्रीचे वडील, आप्पा. आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी बॉयलरशेजारची ती खोली रिकामी करून किल्ली तिच्या हातात दिली. तीन नंबरच्या यंत्राचा वरचा नळ तिच्या हाताला येत नव्हता. ती क्रेटवर चढून स्वॅब घ्यायची. एकदा पडली, कोपर फुटलं. मिस्त्रीनं एका रविवारी स्टीलची नळी कापून, चारही पाय जोडून, टोकं बंद करून तिच्यासाठी दोन फुटांची पायरी केली. वेल्ड इतका साफ, की तिनं त्यावर बोट फिरवून म्हटलं, इथे जंतूलासुद्धा पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. वहिनी अजून म्हणायच्या, की लोक मुलीला अंगठी देतात, आमच्या भाऊजींनी स्टूल दिलं.

मग ती सरकारी प्रयोगशाळेत गेली. नऊ वर्षं तिथे काढली. शाळेतल्या मुलांना जेवणातून विषबाधा झाली त्या खटल्यात ती तीन दिवस साक्षीला उभी राहिली. वकील मोठा होता, आवाजही मोठा होता. तिनं प्रत्येक प्रश्नाला तारीख, वेळ आणि तापमान सांगितलं. मिस्त्री मागच्या बाकावर बसून ऐकत होता आणि शेजारच्या अनोळखी माणसाला त्यानं न विचारता सांगितलं होतं, माझी बायको आहे. परत आली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यातून तिच्याकडे माणसं शिकायला येत. सगळ्यांना ती आधी त्या पायरीवर चढवायची.

"पायरीवर काही असणं शक्य नाही," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच कडक वाटला. "धुणाऱ्यानं नीट धुतली नसेल."

"मी स्वतः उभं राहून तीनदा धुऊन घेतली, बाबा. धुतली की दोन दिवस साफ असते. मग पुन्हा येतं. ते वरून येत नाही. आतून येतंय."

"आतून कसं येईल? चारही पाय मी बंद केलेत. आत जायला भोक लागतं."

तो शब्द तोंडातून गेला आणि मिस्त्री गप्प झाला.

बाकीच्यांना वाटलं, त्याला वाईट वाटलं. वहिनींनी पदरानं डोळे टिपले. त्या म्हणाल्या की पोरी, तुझ्या आईची तेवढी एक खूण राहिलीय तिथे, ती मोडायची म्हणतेस? सून नव्हे, ती या घराचा कणा होती. मिस्त्रीला आठवलं, की याच वहिनी बायको असताना म्हणायच्या, हिच्याकडे जेवायला बसणं म्हणजे परीक्षेला बसणं, कापलेलं फळ पुढे केलं तर विचारते किती वाजता कापलं. पण आता त्या खरोखर रडत होत्या.

पुतण्याचा सूर बदलला. तो खुर्ची ओढून काकाच्या जवळ सरकला. म्हणाला, पायरी मोडायची काही गरज नाही. उद्याच तिथून उचलू, पुढच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवू, काकूचा फोटो लावू. येणारा प्रत्येक जण बघेल. आणि मालाचं म्हणाल तर बाटली काळी झाली दोन आठवड्यांपूर्वी, तर दोन आठवड्यांचे कप बाजूला काढू. आधीचे दोन आठवड्यांचे जाऊ देत. तेव्हा काही होतं याला पुरावा काय?

मग तो बहिणीकडे वळला. "कधीपासून आहे हे तुला सांगता येतं का?"

मुलगी थोडा वेळ फाइलची कड दाबत राहिली. "नाही," ती म्हणाली. "त्याआधी मी तिथे स्वॅब घेतला नव्हता."

"मग?"

"मग माहीत नाही म्हणून मी सही करणार नाही."

"माहीत नाही म्हणून गाडी थांबवायची?"

दादानं हात वर केला. तो म्हणाला, की पोराचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. दोघांचंही थोडं थोडं ऐकलं जातंय. पायरी मानानं राहते, निम्मा माल जातो, निम्मा राहतो. वहिनींनी मान हलवली. मुलगी एकटी पडली. तिच्याकडे सांगायला तारीख नव्हती, आणि ती थापा मारणाऱ्यातली नव्हती. तिनं फाइल मिटली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. तिची आईही हरायची वेळ आली की अशीच बसायची.

मिस्त्रीला काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प बसलं की पायरी काचेच्या कपाटात जाणार होती, बायकोचा फोटो लागणार होता. आयुष्यभर तिच्या कडकपणाला नाकं मुरडलेले लोक तिच्या फोटोपुढून मान लववून जाणार होते. फक्त मुलगी सही करणार नव्हती, आणि मग दुसरा कुणी करणार होता, आणि ती आल्या वाटेनं बाहेरच्या नोकरीवर परत जाणार होती.

"बत्तीस," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"बत्तीस दिवस झाले आज. गेल्या महिन्याच्या चोवीस तारखेला बुधवारी दुपारी पाळी बदलताना मी पायरीच्या पुढच्या आडव्या नळीला दोन भोकं पाडली. पट्टी लावायला."

पट्टी सगळ्यांनी पाहिली होती. स्टीलची, बोटभर रुंद. तिच्यावर त्याच्या बायकोचं नाव, खाली 'सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ', आणि ती आल्याचं व गेल्याचं वर्ष. ती असती तर त्या बुधवारी निवृत्त झाली असती. सगळ्यांना वाटलं होतं, पट्टी चिकटवलीय.

"चिकटवली असती तर महिन्याभरात निघाली असती," मिस्त्री म्हणाला. "मला ती निघायला नको होती. म्हणून ड्रिल घेतलं आणि स्क्रू मारले. पोकळ नळीला भोक पाडायचं नाही, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही, हे या कारखान्यात पोरांना मीच शिकवतो. मला शिकवलं तिनं." तो मुलीकडे वळला. "लिही. चोवीस तारीख. दुपारी तीन."

मुलीनं लगेच पेन उचललं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज कामावरचाच राहिला. "त्याआधी पायरीला कुठेही भोक नव्हतं?"

"नव्हतं."

"नक्की?"

"ती पायरी मी केलीय," मिस्त्री म्हणाला.

तिनं लिहिलं. मग दादाकडे बघून म्हणाली, की कप भरायला सुरुवात झाली सत्तावीस तारखेला. म्हणजे एकही कप असा नाही, की जो भरताना हे भोक नव्हतं.

पुतण्या उठला आणि गॅलरीत गेला. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. वहिनी त्याच्या मागे जायला निघाल्या, तेव्हा दादानं त्यांना बसवलं. तो म्हणाला की आप्पांनी नऊशे लिटर ओतलं तेव्हा आप्पाही असेच पाठ करून उभे होते. जाऊ दे त्याला.

पाचेक मिनिटांनी पुतण्या आत आला. त्यानं टेबलावरचा पालथा फोन सुलटा केला. "इस्पितळांची खरेदी बघणाऱ्या बाईंना मीच फोन करतो," तो म्हणाला. "गाडी येणार नाही म्हणून सांगतो. का ते पण सांगतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं." मग बहिणीला म्हणाला, "मला ते नाव एका कागदावर लिहून दे. मी लिस्टर का काहीतरी म्हणून बसेन."

"आणि एक," मिस्त्री म्हणाला. "पायरी मी कापणार. आत्ता. तुमच्यासमोर."

रविवारी कारखाना बंद असतो. यंत्रं थांबली की तिथे फक्त थंड गोदामाच्या पंख्याचा आवाज येतो. पाचही जण पांढरे कोट, टोप्या आणि बूट घालून हात धुऊन निघाले. वहिनींची टोपी कानावर येत होती. मुलीनं पायरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, मगच खोलीबाहेर नेऊ दिली. दुरुस्तीच्या शेडमध्ये मिस्त्रीनं ती शिकंज्यात धरली. मुलीनं हातमोजे घातले, नळीखाली एक निर्जंतुक बाटली धरली आणि आधी पट्टी काढा म्हणून सांगितलं.

त्यानं दोन स्क्रू फिरवले. पट्टी हातात आली. ती खिशात ठेवायला त्याचा हात आपोआप गेला.

"नाही," मुलगी म्हणाली. "तीही द्या. मागची बाजू बघायची आहे."

त्यानं दिली. तिनं पट्टीच्या पाठीवर स्वॅब फिरवला, पट्टी पिशवीत टाकली, पिशवीवर आकडा लिहिला. पिशवीतून बायकोचं नाव दिसत होतं. जन्मभर दुसऱ्यांचे नमुने घेतले, आज तिचाच घेतला गेला, असं मिस्त्रीच्या मनात आलं. तिला ते आवडलं असतं. पिशवीचं तोंड नीट बंद झालंय का, एवढं तिनं पुन्हा तपासलं असतं.

मग त्यानं करवत लावली. हातानं, हळू, ठिणगी नको म्हणून. नळी कापली गेली आणि आतून पाणी आलं. फार नाही. अर्धा पेला. गढूळ, त्याला साबणाचा आणि आंबलेल्या दुधाचा वास होता. पुतण्या वाकून कापलेल्या नळीत बराच वेळ बघत राहिला.

बुधवारी इस्पितळांच्या बाई आल्या. वयानं पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. प्रयोगशाळेच्या फळीवर ती बाटली होती. शाई ओतावी तशी काळी. शेजारी पट्टीची बाटली, तीही काळी. मुलीनं त्यांना सगळे कागद स्वतःहून दाखवले, काळे आणि साफ दोन्ही. बाईंनी फॉर्म उलटापालटा केला आणि तळाशी पेननं काढलेल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा छापलेला नाही."

"माझ्या आईची पद्धत आहे," मुलगी म्हणाली.

"आणि हे भोक कुणी पाडलं?"

दारात मिस्त्री उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "मी पाडलं," तो म्हणाला. "आणि हिनं शोधलं. माझी मुलगी आहे."

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. ऑर्डर राहणार की जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही. सगळा माल नष्ट करून तीन नंबरची खोली आठ आठवडे सलग साफ दिसू द्या, मग बोलू, एवढंच म्हणाल्या. जाताना मात्र त्या फॉर्मची एक प्रत मागून घेतली. खालच्या मजल्यावर पुतण्या तिघा-चौघांना तेच सांगत होता. आमच्या भिंगानं शोधून काढलं, आमच्याच. रविवारी टेबलावर याच बहिणीला तो काय काय बोलला होता, ते मिस्त्रीनं मनातल्या मनात माफ केलं.

शनिवारी मिस्त्री टेप घेऊन तीन नंबरच्या खोलीत गेला. नवी पायरी करायची होती. या खेपेला नळी नाही, भरीव पट्ट्या, कुठेही पोकळी नाही. मुलगी यंत्रापाशी होती.

"उंची किती ठेवू?" त्यानं विचारलं.

तिनं हातातली कांडी बाटलीत घातली, वळली आणि जमिनीवर उभी राहूनच हात वर केला. बोटं वरच्या नळाच्या पार मागे पोचली. मिस्त्री टेप उघडी धरून बघत राहिला. ती आईपेक्षा वीतभर उंच होती, आणि चार महिन्यांत ती त्या पायरीवर एकदाही चढली नव्हती, हे त्यानं आज पाहिलं.

"मला नाही लागत, बाबा."

"बरं," तो म्हणाला आणि टेप मिटायला लागला.

"पण करा," ती म्हणाली. "दोन फुटांचीच. माझ्यानंतर येईल ती कदाचित बुटकी असेल."